सात पेडल, चौतीस लीव्हर आणि एक डावा हात



लीव्हर हार्प वाजवणाऱ्याला एक उत्तर हमखास ऐकायला मिळतं. त्याला आजच्या काळातली एखादी रचना आवडते, तो तिचं नोटेशन मिळवतो, आणि जाणकार पानं उलटून सांगतात, "ही पेडल हार्पची आहे. वाजवायची तर पेडल हार्प घ्या." आता पेडल हार्प घेणं म्हणजे मोटारगाडी घेण्याइतका खर्च. वजन पस्तीस-चाळीस किलो, उंची माणसाएवढी. ती जिन्यावरून चढवायची कशी, बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे प्रश्न आहेतच. म्हणजे त्या उत्तराचा खरा अर्थ "विसरा ते" असा होतो.

मी व्यावसायिक वादक नाही. फौजेतून निवृत्त झाल्यावर चौतीस तारांची लीव्हर हार्प शिकायला लागलो. पण फौजेत पलटणीचे बँड जवळून पाहिले होते. बँडमास्तरकडे कधीच सगळी वाद्यं आणि सगळे वादक नसतात. तो हाताशी असलेल्या माणसांचा हिशोब करतो, कोणाच्या वाट्याला कोणता स्वर द्यायचा ते नव्यानं लिहितो, आणि धून उभी राहते. हीच विद्या हार्पला लागू पडते. तिला अरेंजमेंट म्हणतात, मी मराठीत 'मांडणी' म्हणेन. ती कशी करायची, आणि कुठे थांबायचं, हा आजचा विषय.

आधी यंत्र समजून घेऊ

दोन्ही हार्पवर एका सप्तकात सातच तारा असतात: सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. सीची तार लाल आणि एफची काळी किंवा निळी, म्हणजे नजर चुकत नाही. पेटीवर पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये काळ्या असतात, तशी इथे वेगळी सोय नाही. मधले पाच स्वर मिळवायचे तर याच तारांचा सूर बदलावा लागतो. तो कसा बदलायचा, इथेच दोन वाद्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

पेडल हार्पला पायाशी सात पेडल असतात, प्रत्येक स्वराला एक. पेडलच्या तीन जागा: वर असला की फ्लॅट, मध्ये नॅचरल, खाली शार्प. एफचा पेडल दाबला की वाद्यावरच्या सगळ्या सप्तकांतल्या एफ तारा एकदम बदलतात. ही तीन जागांची रचना सेबास्तियाँ एरार यांनी १८१० मध्ये पेटंट केली आणि आजही तीच चालते. महत्त्वाचं हे की काम पाय करतात. दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात.

लीव्हर हार्पला पेडल नाहीत. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला, मानेवर, एक छोटा लीव्हर असतो. तो उचलला की ती एकच तार अर्ध्या स्वरानं चढते. पाडला की मूळ सुरावर येते. म्हणजे जागा तीन नाहीत, दोनच. आणि हे काम पायांचं नसून हाताचं, बहुतेक वेळा डाव्या हाताचं, कारण लीव्हर वादकाच्या डाव्या बाजूला असतात.

बहुतेक लीव्हर हार्प ई फ्लॅट मेजरमध्ये लावतात. म्हणजे सगळे लीव्हर खाली असताना ई, ए आणि बी या तारा फ्लॅट असतात, बाकीच्या नॅचरल. त्यातून आठ मेजर स्केल मिळतात: ई फ्लॅट, बी फ्लॅट, एफ, सी, जी, डी, ए आणि ई.

तारांचाही फरक आहे. मोठ्या पेडल हार्पला सत्तेचाळीस तारा, नेहमीच्या लीव्हर हार्पला चौतीस. कमी पडलेल्या तेरा तारांपैकी सात अगदी खालच्या, म्हणजे पूर्ण एक सप्तक, आणि सहा अगदी वरच्या. दोन्ही वाद्यांवर प्रत्येक हाताची चारच बोटं वाजतात, करंगळी वापरत नाहीत. तेव्हा एका वेळी जास्तीत जास्त आठ स्वर. इथे दोघं सारखेच.

किंमत कशात मोजायची

मुद्दा असा. पेडल हार्पवर रचनेबाहेरचा एखादा स्वर आला तर तो जवळजवळ फुकट पडतो, कारण पाय हलतो आणि हात वाजत राहतात. लीव्हर हार्पवर त्याच स्वरासाठी डाव्या हाताला तारा सोडून वर जावं लागतं, लीव्हर उचलावा लागतो आणि परत यावं लागतं. तेवढा वेळ डावा हात वाजवत नाही. आणि काम झाल्यावर तो लीव्हर पाडायला पुन्हा एक फेरी. फौजेत आम्ही कोणत्याही योजनेत वेळ आणि जागा यांचा हिशोब आधी मांडायचो. इथेही तेच. प्रत्येक शार्प-फ्लॅटची किंमत डाव्या हाताच्या वेळेत मोजायची, आणि मांडणी करणाऱ्यानं ठरवायचं की कोणता स्वर त्या किमतीचा आहे.

म्हणून मांडणी म्हणजे सोपं करणं, हा समज मी आधी बाजूला ठेवायला सांगतो. सोपं करणारा अवघड दिसेल ते काढतो. मांडणी करणारा आधी विचारतो, ही रचना कशावर उभी आहे? ते टिकवायला तो बाकीचं खर्च करतो.

पहिली पायरी: पट्टी निवडणं

गायक पट्टी बदलतो तेव्हा गाणं बदलत नाही. हार्पवरही निम्मं काम इथेच होतं. समजा मूळ रचना ए फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे चार फ्लॅट. त्यातला डी फ्लॅट आपल्या डीच्या तारेवर मिळत नाही, कारण डीची तार नॅचरल लावलेली आहे आणि लीव्हर तिला फक्त चढवतो. मग रचना अर्ध्या स्वरानं खाली, जी मेजरमध्ये आणायची, किंवा अर्ध्या स्वरानं वर, ए मेजरमध्ये न्यायची. दोन्ही आपल्या आठांत आहेत. कोणतं घ्यायचं हे रचनेच्या मध्ये येणारे बाहेरचे स्वर ठरवतात. दोन्ही पट्ट्यांत किती लीव्हर हलवावे लागतील ते कागदावर मोजायचं आणि कमी आकडा घ्यायचा.

पट्टीनं किती फरक पडतो त्याचं आपल्या ओळखीचं उदाहरण देतो. श्रुती आणि मींड यांचा विचार क्षणभर बाजूला ठेवा, फक्त तारांचा हिशोब पाहा. ललित रागात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात आणि पंचम नसतो. षड्ज पांढरी एकवर, म्हणजे सीवर धरला, तर दोन्ही मध्यम एफच्या एकाच तारेवर येतात आणि डावा हात लीव्हरवरच अडकतो. आता षड्ज पांढरी दोनवर, डीवर न्या. कोमल रिषभ ई फ्लॅट, गंधार एफ शार्प, शुद्ध मध्यम जी, तीव्र मध्यम ए फ्लॅट, कोमल धैवत बी फ्लॅट, निषाद सी शार्प. सात स्वर, सात तारा. पंचमाची रिकामी राहिलेली तार तीव्र मध्यमाच्या कामी आली. सुरुवातीला एफ आणि सीचे लीव्हर उचलले की पुढे एकही हलवावा लागत नाही. स्वरमंडळ रागाप्रमाणे लावून बसतात, तसंच हे.

दुसरी पायरी: लीव्हरची ताकद वापरणं

लीव्हर हार्पकडे कमतरतेच्या नजरेनं पाहायची सवय लागलेली असते. पण पेडल हार्पला सहज न जमणारी एक गोष्ट तिला जमते. पेडल सगळ्या सप्तकांना एकच हुकूम देतो, तर इथे प्रत्येक तार स्वतंत्र आहे. खालच्या सप्तकात एफ नॅचरल आणि वरच्या सप्तकात एफ शार्प, हे वाजवणं सुरू करण्याआधीच लावून ठेवता येतं. एखाद्या रचनेत एफ शार्प फक्त सुरावटीत येत असेल आणि साथीत साधा एफ असेल, तर मधे हात उचलायची गरजच नाही. नोटेशन वाचताना प्रत्येक शार्प-फ्लॅट कोणत्या सप्तकात येतो ते वेगळं टिपा. सुरुवातीला दहा ठिकाणी लीव्हर हलवावे लागतील असं वाटतं, ते यातच तीन-चारांवर येतात.

दुसरी सोय जोडस्वरांची. ई फ्लॅट लावणीत डी शार्प आणि ई फ्लॅट एकच, जी शार्प आणि ए फ्लॅट एकच. एक तार अडली असेल तर तोच स्वर शेजारच्या तारेवरून घेता येतो. याच सोयीतून ग्लिसांदो, म्हणजे तारांवरून सरकत जाणारी ती प्रसिद्ध सर, रंगवता येते. ए आणि ई सोडून बाकी सगळे लीव्हर उचला. तारा आता सी शार्प, डी शार्प, ई फ्लॅट, एफ शार्प, जी शार्प, ए फ्लॅट, बी अशा लागल्या. सात तारा, पण स्वर पाचच. पांढरी सातवर षड्ज धरलात तर तो सरळ भूप आहे. बोट कुठूनही कुठेही फिरवा, बाहेरचा स्वर लागत नाही.

आणि एक गंमत. वाजत असलेल्या तारेचा लीव्हर उचलला तर सूर अर्धा स्वर सरकतो, एक छोटी मींड ऐकू येते. नको असताना ती चूक वाटते, हवी तिथे अलंकार होते. एवढं लक्षात ठेवा की लीव्हर हलवायचा तो तार शांत असताना, किंवा जाणूनबुजून.

तिसरी पायरी: वेळ काढणं

हे सगळं करूनही काही लीव्हर मध्येच हलवावे लागतात. तिथे डाव्या हाताला वेळ द्यावा लागतो. साधं उदाहरण घेऊ. चार मात्रांचे आवर्तन. पहिल्यात सी मेजरची साथ, दुसऱ्यात डी मेजरची. डी मेजरला एफ शार्प हवा. मूळ लेखनात तो सुरावटीतही आहे आणि साथीतही, दोन वेगळ्या सप्तकांत. पेडल हार्पवर पायाची एक हालचाल. आपल्याला दोन लीव्हर.

आता निवडा. साथीतला एफ शार्प काढून डाव्या हाताला फक्त डी आणि ए दिले, तरी कॉर्ड ओळखू येते, कारण तिचा रंग ठरवणारा एफ शार्प सुरावटीत वाजतोच आहे. एक लीव्हर वाचला. उरलेला उचलायला पहिल्या आवर्तनाच्या शेवटचे दोन-तीन स्वर डाव्या हातातून काढायचे. हार्पच्या तारा छेडल्यावर बराच वेळ घुमत राहतात. त्यामुळे आवर्तनाच्या शेवटी स्वर गळला तर कानाला फारसं कळत नाही, पण दुसऱ्या आवर्तनाची पहिली मात्रा रिकामी गेली तर लगेच कळतं. सूत्र म्हणून धरा: मागून कापा, समेवर कापू नका.

कॉर्डमधून काय काढायचं याचाही क्रम आहे. आधी दोनदा आलेला स्वर काढा. मग पाचवा. तिसरा आणि सातवा शक्यतो ठेवा, कारण कॉर्ड हसरी की उदास, स्थिर की अस्वस्थ, हे तेच सांगतात. एका हालचालीत एक लीव्हर धरा, शेजारचे असतील तर फार तर दोन. त्याहून जास्त लिहाल तर तो कागदावरच वाजेल.

यासाठी मी एक तक्ता करतो. आडव्या ओळीत आवर्तनं, उभ्या रकान्यांत सात स्वर, आणि प्रत्येक चौकटीत सप्तकासह लीव्हरची स्थिती. पेडलच्या खुणेत फक्त स्वराचं नाव पुरतं. लीव्हरच्या खुणेत सप्तक लिहिलंच पाहिजे, नाहीतर वाजवणारा चुकीच्या तारेकडे हात नेणार. तक्त्याचा मोठा फायदा पुनरावृत्तीत दिसतो. पहिला भाग परत वाजवायचा असेल, तर त्याच्या शेवटी सगळे लीव्हर सुरुवातीच्या जागी आलेले असले पाहिजेत. हे राहिलं तर पहिल्यांदा सगळं नीट वाजतं आणि दुसऱ्यांदा सूर कुठून बिघडला ते उमगत नाही.

तीन रचना, तीन निकाल

आता प्रत्यक्ष काही रचना पाहू. एस्टोनियाचे आर्वो पेर्ट यांची 'श्पीगल इम श्पीगल' ही १९७८ ची रचना मुळात व्हायोलिन आणि पियानोसाठी आहे. ती एफ मेजरमध्ये आहे आणि त्या स्केलबाहेर जात नाही. ई आणि एचे लीव्हर उचलून बसलात की शेवटपर्यंत हात वर न्यायची गरज नाही. पियानोचा जो खालचा स्वर आपल्या तारांच्या बाहेर जातो तो एक सप्तक वर आणायचा. पण सोपी वाटून फसू नका. इतके थोडे स्वर असताना एकाचा जोर कमी-जास्त झाला तरी सगळं उघडं पडतं. इथे मांडणीचं काम कमी आणि वादकाचं जास्त.

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या डेबोरा हेन्सन-कोनंट यांचं. त्या स्वतः हार्पवादक, संगीतकार, आणि गळ्यात पट्ट्यानं अडकवायची इलेक्ट्रिक लीव्हर हार्प घेऊन उभ्यानं वाजवणाऱ्या. त्यांच्या 'बरोक फ्लेमेन्को'ची लीव्हर आणि पेडल अशा दोन्ही हार्पसाठीची रूपं मिळतात. ज्याला मांडणी शिकायची आहे त्यानं अशी दोन रूपं शेजारी ठेवून वाचावीत. रचनाकारानंच काय बदललं आणि कशाला हात लावला नाही, याहून चांगला धडा नाही.

तिसरं उदाहरण नकाराचं. इटलीचे लुचानो बेरियो यांची हार्पसाठीची 'सेक्वेन्झा दोन', १९६३ ची. तिथे पेडलची झपाट्यानं होणारी हालचाल आणि पेडलमुळे तारांवर उमटणारा आवाज हाच संगीताचा भाग आहे. लीव्हरवर आणायला बसलात तर रचना कापता कापता संपून जाईल. अशा वेळी नाही म्हणणं हाही मांडणी करणाऱ्याचा निर्णय आहे, आणि तो वेळेवर घ्यावा.

पण "हे त्या वाद्याचं नाही" एवढंच कारण कोणी पुढे केलं तर त्याला द ब्युसीची गोष्ट सांगा. क्लोद द ब्युसी यांनी हार्प आणि तंतुवाद्यांसाठी दोन नृत्यं १९०४ मध्ये लिहिली, ती प्लेयेल कंपनीच्या पेडल नसलेल्या क्रोमॅटिक हार्पसाठी. त्या वाद्यावर बाराही स्वरांना वेगळ्या तारा होत्या. प्रतिस्पर्धी एरार कंपनीनं मोरिस राव्हेल यांच्याकडून पेडल हार्पसाठी रचना करून घेतली. पुढे क्रोमॅटिक हार्प मागे पडली, आणि द ब्युसी यांची ती नृत्यं आज सगळीकडे पेडल हार्पवरच वाजतात. म्हणजे जी रचना पेडल हार्पचं वैभव म्हणून दाखवतात, ती स्वतःच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर आलेली आहे.

परवानगीचा प्रश्न

आजच्या रचनांचे कर्ते हयात असतात किंवा नुकतेच गेलेले असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेची मांडणी करणं हे 'रूपांतर' मानलेलं आहे, आणि तो हक्क रचनाकाराचा आहे. भारतात हा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, ब्रिटनमध्ये सत्तर. बेंजामिन ब्रिटन १९७६ मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या १९६९ च्या हार्प सुइटवरचा हक्क भारतात २०३६ अखेरपर्यंत, ब्रिटनमध्ये २०४६ अखेरपर्यंत. पेर्ट यांच्यासारख्या हयात संगीतकाराबद्दल तर प्रश्नच नाही.

घरी स्वतःच्या अभ्यासासाठी दोन स्वर बदलून वाजवणं वेगळं. ती मांडणी छापायची, विकायची किंवा व्हिडिओ म्हणून टाकायची असेल, तर प्रकाशकाला लिहून परवानगी मागा. पत्रात काय बदललं ते स्पष्ट लिहा: पट्टी कोणती, कोणत्या आवर्तनातले कोणते स्वर काढले, का काढले. तुमचा तक्ता इथेही कामी येतो. आणि वाजवताना श्रोत्यांना सांगा की ही मांडणी आहे. त्यात कमीपणा नाही. ऐकणाऱ्याला मूळ रचना शोधाविशी वाटली तर तेवढं रचनाकाराचं देणं फिटलं.

सुरुवात कुठून करायची

मोठ्या रचनेपासून करू नका. सोळा आवर्तनांचा एखादा तुकडा घ्या. तो तीन पट्ट्यांत लिहून प्रत्येकीत किती लीव्हर हलतात ते मोजा. सप्तकवार लावून किती वाचतात ते पाहा. उरलेल्यांना वेळ कुठे मिळतो ते शोधा. मग वाजवा, आणि रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे हात धावताना ऐकू येतो, तिथे अजून एक स्वर काढायचा राहिला आहे. लीव्हर अर्धवट बसला तर तार खरखरते, तेव्हा तो पूर्ण उचलायची सवयही याच तुकड्यावर लावा. आणि दमट हवेत वाद्य लावायला दहा मिनिटं हाताशी ठेवा, मुंबई असो की कोलकाता.

पुढच्या भागात आपण असाच एक सोळा आवर्तनांचा तुकडा समोर घेऊन पूर्ण तक्ता भरणार आहोत. कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. खोडरबर मोठा घ्या.